एका पाटीपायी

२०२४ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात पाहायला ठेवली होती. मी माझ्या भाच्याला घेऊन गेले. भाचा सातवीत. रांगेत भिजत उभे राहिलो, वाघनखं पाहिली आणि बाहेर येऊन गरमागरम भजी खाल्ली.

"मावशी, आता ही आपल्याकडेच राहणार ना?" त्यानं विचारलं.

"नाही रे. तीन वर्षांसाठी आणली आहेत. मग परत पाठवायची."

हातातलं भजं हातातच राहिलं. "म्हणजे आपण ती उसनी आणली? मग ते लंडनवाले कधी कुणाला काही कायमचं परत देतात तरी का?"

"देतात की. एकदा त्यांनी एक विमान परत दिलं होतं. साधंसुधं नाही हं, माणसाला घेऊन उडालेलं जगातलं पहिलं विमान!"

"राइट बंधूंचं? पण ते तर अमेरिकेतले. त्यांचं विमान लंडनला कशाला गेलं? इंग्रजांनी पळवलं?"

"छे! मालकानं स्वतःच पाठवलं. चिडून."

मग काय, एसटी येईपर्यंत मला ती सगळी गोष्ट सांगावी लागली. तुम्हालाही सांगते. ती मला एवढी पाठ का आहे, ते मात्र शेवटी सांगेन. कारण त्यात माझीच थोडी फजिती आहे.

राइट बंधू तुम्हाला ठाऊक आहेतच. थोरला विल्बर, धाकटा ऑर्व्हिल. अमेरिकेतल्या डेटन गावात त्यांचं सायकलचं दुकान. मे १८९९ मध्ये विल्बरनं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला एक पत्र लिहिलं. माणसानं उडावं कसं, या विषयावर जे काही छापलेलं असेल ते मला कळवा, अशी नम्र विनंती केली. संस्थेनंही लगेच पुस्तिका पाठवल्या, कोणती पुस्तकं वाचावीत तेही कळवलं. पुढे ज्या संस्थेशी उभा दावा मांडायचा होता, तिच्याशी ओळख झाली ती अशी गोडीगुलाबीनं!

त्या संस्थेचे प्रमुख होते सॅम्युएल लँग्ली. मोठे शास्त्रज्ञ. १८९६ मध्ये त्यांनी वाफेच्या इंजिनावर चालणारं, माणूस नसलेलं विमान सुमारे एक किलोमीटर उडवून दाखवलं होतं. मग सरकारनं त्यांना माणूस नेणारं विमान बनवायला ५० हजार डॉलर दिले. त्या विमानाचं नाव 'एरोड्रोम'. पोटोमॅक नदीत एका तरंगत्या घरावरून ते सोडायचं ठरलं. ७ ऑक्टोबर १९०३ ला सोडलं, ते सरळ पाण्यात. ८ डिसेंबरला पुन्हा सोडलं, पुन्हा पाण्यात. चालक मॅन्ली कसाबसा वाचला. वर्तमानपत्रांनी लँग्लींची इतकी टर उडवली, की विचारू नका.

आणि त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ ला, किटी हॉक गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांपाशी राइट बंधूंचं 'फ्लायर' उडालं. ऑर्व्हिल पोटावर पालथा झोपून ते चालवत होता. १२ सेकंद, १२० फूट. तीन-साडेतीन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या कराव्यात, एवढंच अंतर. पण त्याच दिवशी चौथ्या खेपेला विल्बर ५९ सेकंद हवेत राहिला आणि ८५२ फूट गेला. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि उभ्या असलेल्या फ्लायरला कोलांट्या देत गेला. मोडकं विमान खोक्यांत भरून घरी आलं. ते पुन्हा कधीच उडालं नाही. १९१३ मध्ये डेटनला महापूर आला, तेव्हा ती खोकी कित्येक दिवस चिखलपाण्यात होती. तरी विमान वाचलं.

आता भांडण. लँग्ली १९०६ मध्ये वारले. विल्बर १९१२ मध्ये विषमज्वरानं गेला. मागे राहिला ऑर्व्हिल. त्याचा ग्लेन कर्टिस नावाच्या विमान बनवणाऱ्याशी पेटंटवरून कोर्टात खटला चालू होता आणि १९१४ च्या जानेवारीत निकाल ऑर्व्हिलच्या बाजूनं लागला. नेमकं त्याच वर्षी स्मिथसोनियन संस्थेनं काय केलं? लँग्लींचं बुडालेलं विमान नीट करून उडवून पाहायला कुणाकडे द्यावं? त्याच कर्टिसकडे! वर त्यासाठी २ हजार डॉलरही दिले.

कर्टिसनं विमान 'नीट' केलं म्हणजे काय केलं, ते नीट ऐका. पंखांचा बाक बदलला. पंखांना आधार देणारी तारांची आणि दांड्यांची बांधणी बदलली. विमान वळवायची व्यवस्था बदलली. खाली तरंगे लावले. आणि मग एका तळ्यावरून त्याची छोटीशी उडी मारून दाखवली. संस्थेनं जाहीर केलं, की बघा, लँग्लींचं विमान उडू शकत होतं! त्यानंतर सगळे बदल काढून टाकले, विमान होतं तसं जुन्या रूपात आणलं आणि १९१८ मध्ये संग्रहालयात मांडलं. खाली पाटी लावली. माणसाला घेऊन हवेत टिकून उडण्यास समर्थ असलेलं इतिहासातलं पहिलं विमान, अशा अर्थाची.

पाहिलीत त्या पाटीची गंमत? ते 'उडालं' असं कुठंच लिहिलेलं नाही. 'समर्थ' होतं, एवढंच. म्हणजे परीक्षेत नापास झालेल्या मुलाच्या पेपरात दहा वर्षांनी दुसऱ्यानं उत्तरं सुधारायची, मग ती खोडून टाकायची आणि गुणपत्रिकेवर लिहायचं, की हा मुलगा पहिला येण्यास समर्थ होता!

ऑर्व्हिलच्या जिवाला ही पाटी लागली. स्वभावानं तो बुजरा, चारचौघांत बोलायचा नाही. पण एवढं एकच धरून बसला, की कर्टिसनं काय काय बदललं ते संस्थेनं छापावं. बाकी काही नको. संस्था ऐकेना. तेव्हा १९२५ मध्ये त्यानं जाहीर केलं, की माझं विमान मी लंडनच्या सायन्स म्युझियमला देतो. आणि १९२८ च्या सुरुवातीला फ्लायर खरोखरच जहाजावर चढलं.

अमेरिकेत मोठी ओरड झाली. आपल्या देशाचा एवढा ठेवा परक्यांकडे! काहीजण ऑर्व्हिललाच हट्टी म्हणाले. पण त्याचं म्हणणं असं, की विमान परदेशात राहिलं, तर लोक विचारत राहतील, ते तिकडे का? आणि तसंच झालं. भिंतीवरची एक रिकामी जागा शंभर भाषणांपेक्षा जास्त बोलते.

त्याच साली स्मिथसोनियनला नवे प्रमुख आले, चार्ल्स ॲबट. त्यांना भांडण मिटवायचं होतं. त्यांनी पाटीवरचे शब्द सौम्य केले. राइट बंधूंबद्दल चांगलं लिहिलं. झालं ते योग्य झालं नाही, असंही सुचवलं. ऑर्व्हिल हलला नाही. अटलांटिक एकट्यानं ओलांडणारा वैमानिक लिंडबर्ग, त्यानंही मध्यस्थी करून पाहिली. तरी नाही. कारण नेमकं काय केलं होतं, ते अजूनही कुणी छापलेलं नव्हतं.

अशी चौदा वर्षं गेली. दुसरं महायुद्ध पेटलं. लंडनवर बॉम्ब पडू लागले आणि फ्लायरला पुढे दूरच्या एका दगडाच्या खाणीत, जमिनीखाली दडवून ठेवावं लागलं. परक्याची ठेव होती, पण इंग्रजांनी ती आपल्या वस्तूसारखी जपली.

आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये ॲबट यांनी अखेर ते केलं. एक छोटी पुस्तिका छापली. तिच्यात दोन रकाने. एकात १९०३ मध्ये लँग्लींचं विमान कसं होतं ते आणि शेजारी १९१४ मध्ये कर्टिसनं त्यात काय बदल केले ते. ओळीनं, एकेक. आणि संस्थेचं चुकलं, याबद्दल खेद.

बस्स. ऑर्व्हिलला एवढंच हवं होतं. डिसेंबर १९४३ मध्ये त्यानं लंडनला पत्र लिहिलं, की लढाई संपली आणि तुमच्यासाठी विमानाची हुबेहूब प्रतिकृती तयार झाली, की माझं विमान घरी पाठवा.

ते घरी आलेलं पाहणं मात्र त्याच्या नशिबी नव्हतं. ऑर्व्हिल राइट वारला तो दिवस होता ३० जानेवारी १९४८. हो, तोच दिवस. आपल्याकडे दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तोच. त्या दिवशी आपल्या देशात दुसऱ्या कुठल्या बातमीकडे कोण बघणार होतं?

लंडनच्या म्युझियमनं शब्द पाळला. नोव्हेंबर १९४८ मध्ये फ्लायर 'मॉरिटानिया' जहाजावर चढलं. न्यूयॉर्कच्या गोदीत संप होता, म्हणून ते कॅनडात हॅलिफॅक्सला उतरवावं लागलं. तिथून अमेरिकन नौदलाच्या जहाजानं पुढे आणि मग ट्रकमधून वॉशिंग्टनला. १७ डिसेंबर १९४८ ला, पहिल्या उड्डाणाला बरोबर ४५ वर्षं झाली त्या दिवशी, ते मोठ्या समारंभानं मांडलं गेलं. कुठं? त्याच स्मिथसोनियन संस्थेत! संस्थेनं ऑर्व्हिलच्या वारसांना किंमत दिली फक्त एक डॉलर.

पुढे १९६९ मध्ये माणूस पहिल्यांदा चंद्रावर उतरला, तेव्हा या विमानाच्या लाकडाचा आणि कापडाचा छोटासा तुकडाही बरोबर होता.

"पण मावशी," भाचा म्हणाला, "आमच्या वर्गातला एकजण म्हणतो, पहिलं विमान आपल्या तळपद्यांनी उडवलं. मुंबईला. चौपाटीवर."

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. तुमच्याही मनात आला असेल. शिवकर बापूजी तळपदे हे मुंबईचे खरेखुरे गृहस्थ. विमानाच्या नादानं झपाटलेले. १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर माणूस नसलेलं विमान उडवलं, असं सांगतात. आपल्या मराठी माणसानं ते केलं असतं, तर मला आनंदच झाला असता. पण ते किती उंच गेलं, किती वेळ टिकलं, हे मोजून त्याच वेळी लिहून ठेवलेला भरवशाचा पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. राइट बंधूंकडे त्या क्षणाचा फोटो आहे, त्याच दिवशी घरी केलेली तार आहे, पाहणारे पाच साक्षीदार आहेत. पुरावा नसताना आपण 'पहिलं' अशी पाटी लावली, तर मग स्मिथसोनियननं केलं, त्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? तळपद्यांच्या धडपडीचं कौतुक करायला ती खोटी पाटी लागत नाही.

आणि अमेरिकेतलंही सगळंच आदर्श नाही बरं का. विमान देताना वारसांनी एक अट घातली. राइट बंधूंच्या आधी दुसऱ्या कुणाचं विमान माणसाला घेऊन ताब्यात उडू शकत होतं, असं संस्थेनं कधी म्हटलं, तर विमान परत घेतलं जाईल. ही अट मला खटकते. एकदा दुधानं तोंड पोळलं, म्हणून ताकही फुंकून प्यायचं, हे समजू शकतं. पण उद्या नवा पुरावा सापडलाच, तर? सत्य करारात बांधून ठेवायची गोष्ट नाही, पुरावा येईल तशी तपासत राहायची गोष्ट आहे. राइट बंधूंचा पुरावा भक्कम आहे. त्याला कुंपणाची गरज नाही, असं मला वाटतं.

एसटी लागली. खिडकीची जागा मिळाली. भाचा म्हणाला, "हं, आता तुझी फजिती सांग."

तर ऐका.

मी आठवीत असताना आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. माझ्या मैत्रिणीनं पाणचक्की केली. सायकलची जुनी रिम, तिला डालड्याच्या डब्याच्या पत्र्याची पाती आणि रिमला टेकवलेला सायकलचा डायनामो. वरून नळीनं पाणी सोडलं, की चाक फिरायचं आणि छोटा बल्ब लुकलुकायचा. मी काय केलं? तक्ता रंगवला. आणि पाहुण्यांना माहिती सांगितली, कारण मी धीट होते आणि ती चारचौघांत बोलायला घाबरायची.

पुठ्ठ्याची पाटी आमच्या बाईंनी लिहिली. बोलत होते मी, म्हणून त्यांना वाटलं, काम माझंच. 'निर्मिती' पुढे माझं नाव आणि 'साहाय्य' पुढे तिचं. मी ती पाटी वाचली. तिनंही वाचली. तिनं माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त: "बाई, हे उलटं झालंय." मी बोलले नाही. नंतर सांगू, म्हटलं. मग दुसरा नंबर आला, टाळ्या झाल्या आणि 'नंतर' कधी आलंच नाही.

तिनं भांडण केलं नाही. संध्याकाळी येऊन पाणचक्की उचलली, सायकलच्या कॅरियरला बांधली आणि घरी नेली. पुढच्या वर्षी तालुक्याच्या प्रदर्शनासाठी शाळेनं मागितली, तर "मोडली" म्हणाली. मोडली नव्हती. तिच्या घरी माळ्यावर मी स्वतः पाहिली होती. मी एकदा तिला म्हटलंही, "सॉरी गं, काही चुकलं असेल तर." ती "बरं" म्हणाली. दहावीनंतर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. मला मात्र वाटत राहिलं, की मी तर सॉरी म्हटलं होतं, हिनंच मनात धरलं.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त लंडनला गेले होते. एक दिवस मोकळा मिळाला, म्हणून सायन्स म्युझियम पाहायला गेले. तिथं फ्लायरची ती प्रतिकृती टांगलेली आहे. लाकूड, तारा, कापड. खालची माहिती वाचली. ही प्रतिकृती आहे, असं सरळ लिहिलेलं. मूळ विमान वीस वर्षं आपल्याकडे होतं, ते परत दिलं, आता आपल्याकडे नक्कल आहे, हे सांगायला त्या म्युझियमला लाज वाटत नव्हती. ऑर्व्हिलची गोष्ट मी आधी वाचलेली होती आणि प्रत्येक वेळी मी ऑर्व्हिलच्या बाजूनं असायचे. त्या दिवशी तिथं उभी असताना पहिल्यांदा लक्षात आलं, की आपल्या गोष्टीत आपण ऑर्व्हिल नाही. आपण स्मिथसोनियन आहोत. 'काही चुकलं असेल तर' ही माफी नव्हे. ते म्हणजे पाटीवरचे शब्द थोडे सौम्य करणं.

घरी आल्यावर मी तिचा पत्ता शोधला आणि पत्र लिहिलं. कागदावर उभी रेघ मारून दोन रकाने केले. एकात लिहिलं, पाणचक्कीत तू काय केलंस. एक, कल्पना तुझी. दोन, रिम आणि डायनामो तू आणलास. तीन, पत्रा कापून पाती तू बसवलीस. चार, वायरी तू जोडल्यास. दुसऱ्या रकान्यात लिहिलं, मी काय केलं. तक्ता रंगवला. बडबड केली. चुकीची पाटी वाचली आणि गप्प बसले. खाली लिहिलं, माझं चुकलं.

टपालपेटीत पत्र टाकताना हात जड झाला होता. दोन रकाने भरणं एवढं अवघड असतं, हे मला तेव्हा कळलं. ॲबटसाहेबांना चौदा वर्षं का लागली, तेही थोडंसं कळलं.

आठ-दहा दिवसांनी तिचा फोन आला. कितीतरी वर्षांनी आवाज ऐकत होते. तिनं ना नमस्कार केला, ना कशी आहेस विचारलं. म्हणाली,

"तीन नंबर चुकलाय."

"काय?"

"पत्रा मी नाही कापला. माझ्या बाबांनी कापला. त्यांचं नाव घाल."

मी ते घातलं. आज इथंही घालते आहे: पत्रा तिच्या बाबांनी कापला होता.